फिजिओच्या कागदावरचं इंग्रजी कुणी समजावेल का? (प्रोप्रिओसेप्शन, रॉम्बर्ग, टँडम गेट)

रामबागची सून, इंदूर
सासरे ७४ वर्षांचे, जुना डायबिटीस. दिवसा ठीक चालतात, पण बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की पुढे झुकतात. परवा नळ हाती लागला म्हणून वाचले. घरात सगळे चक्कर चक्कर म्हणतात, चकरेच्या गोळ्याही घेऊन झाल्या. आता फिजिओने लिहून दिलंय: 'प्रोप्रिओसेप्शन इम्पेअर्ड, रॉम्बर्ग पॉझिटिव्ह, टँडम गेट पुअर, आरओएम फुल.' बाबा 'पॉझिटिव्ह' आणि 'फुल' एवढंच वाचून खूश, आणि लगेच पोहे-जिलबी आणायला निघाले! नेटवर 'शरीरस्थितीचे आंतरिक ज्ञान' असलं काहीबाही येतं. घरच्या भाषेत सांगा ना कुणी.

निवृत्त फिजिओ, ग्वाल्हेर
आधी जिलबी थांबवा.

आरओएम म्हणजे सांधा किती वाकतो ते. तो फुल आहे, म्हणजे गुडघे-घोटे छान. अडचण पुढे आहे. डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे, कसा वळलाय हे आपल्याला कळतं ना? स्नायू आणि सांध्यांतून मेंदूला सतत खबर जात असते. तिला शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ मध्ये प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. बाबांच्या पायांकडून ही खबर नीट पोचत नाहीये.

फिजिओने त्यांचा पायाचा अंगठा धरून 'वर की खाली?' विचारलं असेल. तो अंगठा दोन्ही कडांनीच धरायचा असतो. वरून-खालून धरला तर बोटाच्या दाबावरूनच पेशंट ओळखतो, आणि जांच फुकट जाते. विद्यार्थ्यांना हे सांगून सांगून माझा घसा बसायचा.

रॉम्बर्ग म्हणजे पाय जुळवून उभं राहायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. मिटल्यावर तोल गेला तर पॉझिटिव्ह. इथे पॉझिटिव्ह म्हणजे खूश व्हायची गोष्ट नाही. तोल सांभाळतात तिघं: डोळे, आतला कान आणि पायांची खबर. बाबांची खबर आधीच अर्धवट, त्यात साबणाने डोळे मिटले, मग एकटा कान किती पुरणार? टँडम गेट म्हणजे एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालणं.

चक्कर वेगळी, तिच्यात घर फिरतं. त्यांना एकदा नीट विचारा.

रामबागची सून, इंदूर
विचारलं. म्हणाले, घर बिर काही फिरत नाही, फरशी कापसासारखी लागते.

निवृत्त फिजिओ, ग्वाल्हेर
मग डॉक्टरांना हेच शब्द सांगा. डायबिटीसने पायांच्या नसा मंदावतात. शिवाय डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनेही हेच होतं. ते तपासायला सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

योगवाली, सुदामानगर
आमच्याकडे डोळे मिटून वृक्षासन करवतात, खूप फायदा होतो. पाठवा बाबांना.

निवृत्त फिजिओ, ग्वाल्हेर
ताई, तुमच्या चाळिशीतल्या बायकांना करवा खुशाल. यांनी कोपऱ्यात उभं राहायचं, पाठीशी भिंत, पुढे जड खुर्ची, शेजारी माणूस, आणि सुरुवात उघड्या डोळ्यांनी. डोळे कधी मिटायचे ते त्यांचा फिजिओ ठरवेल.

वडोदऱ्याचा वाचक
इयान वॉटरमन नावाच्या माणसाबद्दल वाचा. १९७१ मध्ये, १९व्या वर्षी, एका तापानंतर मानेखाली ही जाणीव पूर्ण गेली. हातापायांत ताकद होती, पण ते कुठे आहेत हेच कळेना. पठ्ठ्या पायांकडे बघत बघत नव्याने चालायला शिकला. दिवे गेले की मात्र कोसळायचा.

निवृत्त फिजिओ, ग्वाल्हेर
म्हणूनच रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा. सैल चपला नकोत. आणि तळवे रोज बघा, काही टोचलं-बोचलं तरी त्यांना कळणार नाही.

रामबागची सून, इंदूर
बेसिनपाशी खुर्ची ठेवली, बसूनच तोंड धुतात आता, कुरकुरत का होईना. बी-१२ साठी उपाशीपोटी जायचं का?

निवृत्त फिजिओ, ग्वाल्हेर
लॅबवाल्याला विचारा. उपाशीपोटीची साखर बघायचीच असेल तर दोन्ही एकदमच उरकून घ्या.