फायटर मासा तळाशी बसून राहतो, खात नाही. काय करू?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मुलाच्या (वय ८) हट्टापायी एक फायटर आणला. गडद निळा, शेपटीला लाल कडा. दुकानदार म्हणाला, "ताई, याला काही लागत नाही. ना मोटर, ना लाइट. बाउलमध्ये सोडा आणि निवांत राहा." म्हणून काचेचा गोल बाउल घेतला, तीनेक लिटरचा. तळाशी रंगीत गोटे. सुरुवातीला मस्त होता. काचेला बोट लावलं की कल्ले फुगवून अंगावर यायचा.

थंडी पडली तसा मलूल झालाय. तळाशी पडून असतो, पर मिटलेले, रंग फिका. मध्येच वर येऊन एक घोट हवा घेतो आणि पुन्हा खाली. दाणे समोर पडले तरी बघत नाही.

हेळसांड होतेय असंही नाही. आम्ही पितो तेच आरओचं पाणी त्याला घालते. दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदलून बाउल लख्ख घासते. दाणे दिवसातून तीनदा, पाच-सहा. बाउल हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, मागे आरसा असल्यामुळे दिसतोही छान. सासूबाई म्हणतात पाणी रोज बदल. दुकानदार म्हणतो औषध घेऊन जा. नक्की कोणाचं ऐकू? आम्ही नाशिकला असतो.

ठाणेकर_अ‍ॅक्वा:
मिथिलिन ब्लूचे दोन-तीन थेंब आणि चिमूटभर खडे मीठ टाका. आमच्याकडे मासा सुस्त झाला की हेच करतो. पाणी रोज बदललं तर उत्तमच.

फिल्टरप्लांट:
ताई, औषध राहू द्या. ठाणेकर, रागावू नका, पण आजार कळल्याशिवाय निळं पाणी करण्यात अर्थ नाही. मिथिलिन ब्लू बुरशीवर चालतं हे खरं, पण पाणी निभावून नेणारे चांगले जिवाणूही त्यानं मरतात. शिवाय टाकीच्या कोपऱ्यातलं, काचा जोडणारं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

माझी नोकरी महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गेली, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी जरा खाष्ट आहे. घरी फायटरही बरेच सांभाळलेत. तुमच्या लिहिण्यावरून मला तरी आजार दिसत नाही. माशाला थंडी वाजतेय, आणि त्याला क्षणभर उसंत नाही.

आधी थंडी. हा उष्ण प्रदेशातला मासा. त्याला २५ ते २८ अंश पाणी लागतं. नाशिकची डिसेंबरमधली पहाट तुम्हाला मी काय सांगणार! तीन लिटर पाणी रात्रीतून खोलीइतकं गार होतं आणि दुपारी पुन्हा चढतं. माशाचं रक्त पाण्याच्याच तापमानाचं. पाणी गारठलं की पचन मंदावतं, भूक जाते, अंग चोरून तो तळाशी बसतो. दाण्याकडे बघत नाही तो यामुळेच. काचेचा थर्मामीटर मिळतो का बघा किंवा डिजिटल घ्या, आणि उद्या सकाळी सहाला आकडा बघून इथे लिहा.

तरी खात्रीसाठी एक तपासणी करा. खोलीतले दिवे बंद करून मोबाईलचा टॉर्च बाउलच्या बाजूनं तिरका धरा, समोरून नको. अंगावर सोनेरी-तपकिरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसली तर तो व्हेल्वेट नावाचा रोग. मिठाच्या कणांएवढे सुटे पांढरे ठिपके दिसले तर व्हाइट स्पॉट. परांच्या कडा काळ्या किंवा लालसर होऊन झिजत चालल्या असतील तर फिन रॉट. मग वरून बघा. खवले अंगाला सपाट चिकटलेले हवेत. ते उभे राहून मासा फुगलेला दिसला तर मात्र प्रकरण गंभीर. यातलं काहीच नसेल तर औषधाचा विषय संपला.

आता उसंतीचं. मागचा आरसा आजच्या आज झाका. समोर दुसरा नर उभा आहे असंच त्याला वाटतं. दिवसभर त्या 'शत्रू'शी झुंजायचं आणि पळून जायला जागा नाही. मुलाला गंमत म्हणून कधीतरी मिनिटभर आरसा दाखवायला हरकत नाही, चोवीस तास नको.

दुसरा त्रास तुमच्या स्वच्छतेचा. वाईट वाटून घेऊ नका, पण माशाला लख्ख भांडं नको असतं. त्याच्या विष्ठेतून, उरलेल्या दाण्यांतून आणि कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया जमतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. ही मंडळी पाण्यात कमी आणि गोट्यांवर, काचेवर, स्पंजवर जास्त राहतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर दोन दिवसांनी बाउल घासता, म्हणजे त्यांची वसाहत उठवून लावता. लोणच्यासारखं पाणीही मुरावं लागतं.

आणि आरओ बंद करा. आरओमधून बहुतेक क्षार निघून जातात. मग पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा किती ते) सांभाळायला काही उरत नाही, तो भराभर बदलतो. आपल्याला गोड लागतं ते त्याला सोसत नाही. साधं नळाचं पाणी घ्या. मात्र त्यात क्लोरीन असतो, आणि तो असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम शिल्लक क्लोरीन लागतो. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की डोसही वाढवतात. माणसाला तो तारतो, माशाचे कल्ले जाळतो. पाणी बादलीत उघडं चोवीस तास ठेवा, किंवा दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. बरेचदा ते सोडियम थायोसल्फेटच असतं, जुने लोक हायपो म्हणतात. बोअरचं पाणी असेल तर वेगळं बोलू, ते बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं.

खरा उपाय म्हणजे मोठी जागा. १५ इंच लांब, ९ रुंद, १० उंच अशी काचेची टाकी कुठलाही अ‍ॅक्वेरियमवाला करून देईल. वरून दीड इंच रिकामी ठेवली तरी अठरा-एकोणीस लिटर पाणी मावतं. त्यात स्पंज फिल्टर, म्हणजे हवेच्या जोरावर पाणी स्पंजमधून ओढणारा, आणि त्यासाठी लहान एअर पंप. पंपाच्या नळीला व्हॉल्व लावून हवा मंद ठेवा. लांब शेपटीचा मासा प्रवाहात दमतो. आणि पन्नास वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर. बाउलमध्ये हीटर घालायचा विचारही नको, तीन लिटरला चटका बसायला वेळ लागत नाही. झाकण हवंच, कारण हा पठ्ठ्या उडी मारतो. शिवाय झाकणाखालची हवा ऊबदार राहते. तो वर येऊन जो घोट घेतो ना, त्यासाठी त्याच्या कल्ल्यांच्या वर वेगळा अवयव असतो, लॅबिरिंथ. हवेतला प्राणवायू त्यातून थेट रक्तात जातो. म्हणून तर बिचारा इवल्याशा बाउलमध्ये तग धरतो आणि दुकानदारांचं फावतं.

जमलं तर जुनी टाकी असलेल्या कोणाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा मागून आणा. त्यावर जिवाणू तयारच असतात. टाकी मात्र निरोगी माशांची हवी.

सुखुमवित_सोसायटी:
मी कामानिमित्त बँकॉकला असतो. चतुचक बाजारात या माशांच्या बाटल्यांच्या रांगाच्या रांगा असतात. दोन बाटल्यांच्या मधे पुठ्ठा सरकवलेला, एकमेकांना दिसू नयेत म्हणून. गिऱ्हाईक आलं की पुठ्ठा काढायचा, दोघंही झटक्यात फुलतात. ते बघून लोकांना वाटतं हा बाटलीतलाच मासा. ती विक्रीची सोय आहे, घर नव्हे. इथे हा भातखाचरांत, कालव्यांत, दलदलीत राहतो. पाणी उथळ असतं, पण पसरलेलं आणि गवतानं भरलेलं. आणि उन्हानं तापलेलं, हे महत्त्वाचं. याला थाई लोक पला कट म्हणतात, आणि २०१९ मध्ये थायलंडनं त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं.

इथे पाण्यात बदामाचं वाळकं पान घालायची पद्धत आहे. आपल्याकडे शाळांच्या आवारात मोठ्या पानांचा बदाम असतो, पानं लाल होऊन गळतात, तेच झाड. पाणी फिक्या चहासारखं होतं. रंग बघून घाबरू नका.

फिल्टरप्लांट:
पानाचं बरोबर. झाडावरून तोडलेलं हिरवं नको, गळून पूर्ण वाळलेलं घ्या. फवारणीच्या बागेतलं किंवा हमरस्त्याच्या कडेचं नको. धुऊन अर्धं पान टाका. त्यातल्या टॅनिनमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि जिवाणू-बुरशीला थोडा आळा बसतो. मासा पानावर टेकून झोपतो ते वेगळंच. महागडी पाकिटं मिळतात हल्ली, त्यांत पैसे घालू नका.

गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी सहाला पाणी १८ अंश! टॉर्चनं नीट बघितलं, धूळ नाही, ठिपके नाहीत. आरशावर त्याच दिवशी कागद चिकटवला. काका, तुम्ही सांगितली त्या मापाची टाकी करून घेतली, हीटर आणि स्पंज लावला. मुलाच्या शाळेतून बदामाची पानं आली, चांगली पिशवीभर. पाणी हळूहळू चढवत २६ वर आणलं. आता साहेब टाकीभर फिरतात आणि दाणा पडायच्या आत वर हजर होतात.

आता नवे प्रश्न. पानाजवळ पाण्यावर बारीक फेस जमलाय, साबणासारखा. आम्ही साबण लावलेला नाही, शपथ. पाणी खराब झालं का? मुलगा म्हणतो तो एकटा पडलाय, त्याला बायको आणूया. दाणे किती घालू? डासांच्या अळ्या खातो म्हणतात, त्या घालू का? आणि संक्रांतीला चार दिवस गावी जायचंय, तेव्हा काय करायचं?

फिल्टरप्लांट:
वा! तो फेस त्यानंच केलाय. नर तोंडातून हवेचे बुडबुडे सोडून घरटं बांधतो. मादीनं घातलेली अंडी तोंडानं गोळा करून त्यातच ठेवतो आणि राखणही तोच करतो. मादी नसली तरी बांधतो. पाणी बदलताना मोडलं तर मोडू द्या, पुन्हा बांधेल.

बायको आणू नका. चिरंजीवांना सांगा, हा संसारी प्राणी नाही. अंडी घालून झाली की नर मादीलाही हाकलतो, आणि एवढ्याशा टाकीत ती जाणार कुठे? परांच्या चिंध्या होतात, कधी जीवही जातो. दुसरा नर तर नकोच नको. सोबत हवीच असेल तर एखादी गोगलगाय ठेवा. झाडं लावा, त्याला आडोसा मिळेल. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडात जगतात. फक्त त्यांचं जाड खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. मनीप्लँटची फांदी टाकीच्या काठावर अडकवून नुसती मुळं पाण्यात सोडलीत तरी ती नायट्रेट शोषते. प्लास्टिकची कडक झाडं टाळा, पर फाटतात.

दाणे सकाळी दोन-तीन, संध्याकाळी दोन-तीन. आठवड्यात एक दिवस उपास. दाणे फायटरचेच घ्या. गोल्डफिशच्या खाद्यात वनस्पतीचा भाग जास्त असतो, आणि हा पक्का मांसाहारी. पोळी, भात, ब्रेडचा चुरा अजिबात नको. डासांच्या अळ्या तो आवडीनं खातो, पण त्या पैदा करायला गच्चीत पाणी साठवू नका. डेंग्यूची पाहणी करणारे येतील आणि नोटीस तुमच्या नावानं निघेल. दुकानात गोठवलेल्या ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) मिळतात. आठवड्यातून एकदा चिमूटभर वितळवून घाला.

गावी खुशाल जा. धडधाकट मासा चार दिवस न खाता आरामात राहतो. शेजाऱ्यांना डबा देऊन जाऊ नका. माया करून मूठभर टाकतात आणि अमोनिया वाढतो. निघायच्या दिवशीच पाणी बदलू नका, आदल्या दिवशी उरकून घ्या.

सध्या टाकी नवी आहे, त्यामुळे महिना-दीड महिना आठवड्यातून दोनदा पाव टाकी पाणी बदला. अमोनियाचं किट घेतलंत तर अंदाजावर राहावं लागणार नाही. पुढे आठवड्यातून एकदा पुरेल. नवं पाणी टाकीइतकं कोमट करून घाला, हात घालून अंदाज घेतला तरी चालतं. स्पंज घाण झाला तर काढलेल्या टाकीच्याच पाण्यात दोनदा पिळा, नळाखाली धरू नका.

ठाणेकर_अ‍ॅक्वा:
काका, वीज गेली तर? आमच्याकडे दर शुक्रवारी जाते.

फिल्टरप्लांट:
दोन-चार तासांनी काही होत नाही. पंप बंद पडला तरी हा वरून हवा घेतो. थंडीत टाकीला तीन बाजूंनी जुनी चादर गुंडाळा, झाकणाला फट राहू द्या. अठरा-एकोणीस लिटर पाणी तीन लिटरसारखं झटकन गार होत नाही.

आणि ताई, हीटरचं एक राहिलं. पाणी काढायच्या आधी बटण बंद करा, प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा. चालू हीटर उघडा पडला की काच तडकते. भरल्यावर तो पूर्ण बुडालाय बघूनच प्लग लावा. स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट कधीकधी अडकून बसतो, म्हणून थर्मामीटर टाकीतच राहू द्या आणि येता-जाता बघत जा. प्लगची वायर खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये न जाता झोळातून जमिनीवर पडेल.