लास वेगासला हॉटेल कुठलं घ्यावं?

सुलभा, बी-७०४: नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये लेकीकडे फिनिक्सला जातोय. तिथून तिची गाडी घेऊन लास वेगास, तीन रात्री. मी, हे आणि सासू-सासरे. सासऱ्यांना दमा आहे, सासूबाईंचे गुडघे धरतात. साइटवर ६० डॉलरची रूम दिसतेय. चौघांत एकच घेतली तर?

अभिजित, ए-६०२: सुलभाताई, हॉटेलच्या आधी तारखा बघा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे सेमा हे मोटारींच्या सामानाचं प्रचंड प्रदर्शन असतं, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फॉर्म्युला वन. २०२३ पासून ही रेस थेट स्ट्रिपवरून, म्हणजे मोठ्या हॉटेल-कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरून धावते. रेसच्या आधीपासूनच बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांसमोर स्टँड आणि कठडे उभे असतात, गाडी घेऊन फिरणं अवघड होतं आणि दर तर विचारूच नका. हे दोन आठवडे टाळा. बाकी कुठल्याही आठवड्यात रविवारी चेक-इन, बुधवारी चेक-आउट ठेवा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री सगळ्यात महाग.

मेघना, सी-५०३: ६० डॉलर हे पूर्ण भाडं आहे का ते तपासा. स्ट्रिपवर जवळपास प्रत्येक हॉटेल रोजची रिसॉर्ट फी लावतं, वायफाय-जिम वापरा न वापरा. मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आहे की सक्तीची फी धरूनच किंमत दाखवायची. पण सरकारी कर त्यात नसला तरी चालतो, आणि पार्किंगही वेगळं. स्ट्रिपवर बहुतेक ठिकाणी राहणाऱ्यांनाही पार्किंगचे पैसे पडतात, तुम्ही गाडी नेताय म्हणून सांगते.

सुलभा, बी-७०४: आणि एका रूमचं?

मेघना, सी-५०३: तिथेच लोक फसतात. बऱ्याच हॉटेलांत दर दोन मोठ्या माणसांचा असतो, तिसऱ्या-चौथ्याचे रोज वेगळे. ६० मध्ये फी धरलेली नाही असं समजून नमुन्याचा हिशोब: रूम ६०, फी ४५, जादा दोन माणसं ३५ प्रमाणे ७०. झाले १७५. दोन रूम घेतल्या तर १०५ दुणे २१०. कर साधारण १३.३८ टक्के, तो दोन्हीकडे लागतो. म्हणजे रात्रीला ४० डॉलरच्या आसपास फरक. तेवढ्यात दोन बाथरूम आणि सासू-सासऱ्यांना निवांत झोप. मी तर दोनच सांगेन. फक्त "कनेक्टिंग" मागा, म्हणजे मधे दार असलेल्या. "अडजॉइनिंग" म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी.

कुलकर्णी काका, ए-२०१: सुलभा, दम्याचा मुद्दा भाड्यापेक्षा मोठा आहे. नेवाडा राज्याच्या २००६ च्या कायद्याने सार्वजनिक बंद जागांतल्या धूम्रपानावर बंधनं आली, पण कॅसिनोचा मजला त्यातून सुटला. रूम नॉन-स्मोकिंग मिळते हो, पण बहुतेक हॉटेलांत लिफ्टपासून रस्त्यापर्यंतची वाट कॅसिनोतूनच जाते. दिवसातून चार-पाच वेळा त्या धुरातून जायचं. तेव्हा स्वस्त रूम दमेकऱ्याला महाग पडते. दोन नावं बघ. व्दारा, इथे कॅसिनोच नाही. आणि पार्क एमजीएम, इथे कॅसिनो आहे पण २०२० पासून संपूर्ण इमारत धूरमुक्त.

सुलभा, बी-७०४: काका, दोन्हींत गुडघ्यांना सोपं कुठलं?

कुलकर्णी काका, ए-२०१: व्दारा. लॉबी आटोपशीर, दारातून लिफ्ट जवळ. ते स्ट्रिपपासून आत आहे, पण पार्क एमजीएम, आरिया, व्दारा आणि बेलाजिओ या पट्ट्यात फुकट ट्राम आहे. कारंजी बघायला तीच घ्यायची. कधी दुरुस्तीसाठी बंद असते, निघायच्या दिवशी विचारून घे. नकाशावर "शेजारचं हॉटेल" दिसलं तरी पंधरा-वीस मिनिटं चालणं असतं, शिवाय रस्ता ओलांडायला पादचारी पूल. मोनोरेल सुचवेल कुणीतरी. ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागून जाते, स्टेशनपर्यंतच तंगडतोड, आणि विमानतळाला जातही नाही.

अभिजित, ए-६०२: काकांच्या म्हणण्याला जोड. बुकिंग करताना विनंतीच्या रकान्यात लिहा: लिफ्टजवळची रूम, आणि टबऐवजी आधाराच्या दांड्या असलेला शॉवर. टबची कड ओलांडून आत जाणं दुखऱ्या गुडघ्यांना धोक्याचं. विनंती म्हणजे हमी नव्हे, आदल्या दिवशी फोन करून पुन्हा सांगायचं. आणि चेक-इनला क्रेडिट कार्ड द्या. जादा खर्चासाठी ते रक्कम अडकवून ठेवतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला कित्येक दिवस लागतात.

सुलभा, बी-७०४: सकाळच्या चहासाठी इथली किटली नेऊ का?

कुलकर्णी काका, ए-२०१: नको. तिथे १२० व्होल्ट. आपली १५०० वॅटची किटली तिथे जेमतेम ४०० वॅट देते, कारण व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पावपट होते. लिटरभर पाण्याला इथे चार मिनिटं, तिथे पंधरा. दोन व्होल्टेजची प्रवासी किटली घे आणि खटका ११० वर कर. परत आल्यावर तो २३० वर आणायला विसरलीस तर पहिल्याच चहाला जळेल. इंडक्शन तर नेऊच नको, रूममध्ये चालत नाही. व्दाराच्या स्वीटमध्ये छोटं स्वयंपाकघर असतं, फ्रिज आणि मायक्रोवेव्हसकट. भांडी मागवावी लागतात का तेवढं विचार.

सुलभा, बी-७०४: सासूबाईंचं इन्सुलिन आहे, म्हणजे फ्रिजचा प्रश्न सुटला.

मेघना, सी-५०३: व्दारात सुटला. दुसरीकडे गेलात तर मिनीबारच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी त्याला सेन्सर असतो, बाटली नुसती सरकवली तरी बिलावर पैसे चढतात. रिसेप्शनला "औषधासाठी फ्रिज हवा" असं बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि त्याचे पैसे लागतात का तेही विचारा.