‘सानुकूल प्रपत्र’ की आणखी काही?

प्रश्न :
कार्यालयीन ईमेलसाठी आउटलुक वापरणाऱ्या सहकाऱ्यांकरिता मी एक मदतपुस्तिका मराठीत आणत आहे. तिच्यातील एका प्रकरणाला मी ‘सानुकूल प्रपत्र उघडत नसल्यास’ असे शीर्षक दिले, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या सहकाऱ्याने विचारले, की प्रपत्र नेमके कोणावर प्रसन्न व्हायचे आहे? रजेच्या किंवा खरेदीच्या मंजुरीसाठी कार्यालयाने स्वतः घडवलेल्या फॉर्मला काय म्हणावे?

प्रतिसाद :
सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. ‘दैव सानुकूल असेल तर’ असे आपण म्हणत आलो. ‘कूल’ म्हणजे काठ, आणि काठाला धरून जाणारे ते अनुकूल. ‘आपल्या गरजेप्रमाणे घडवलेले’ हा अर्थ त्यात संगणकाच्या मेनूंनी घुसवला. ‘घडीव फॉर्म’ म्हणावे.

प्रतिसाद :
‘घडीव’ म्हटले की दगडच डोळ्यांपुढे येतो. सानुकूल आता रुळला आहे. घोळ खरा ‘प्रपत्रा’त आहे, कारण आउटलुकमधला फॉर्म म्हणजे भरून देण्याचा कागद नव्हे. तिथे साधे टपालसुद्धा ‘आयपीएम.नोट’ या वर्गाच्या (म्हणजे आउटलुकने ठरवलेल्या टपाल-प्रकाराच्या) फॉर्ममधूनच उघडते, आणि आपण बनवलेल्या फॉर्मचे नाव त्या वर्गनामाला पुढे जोडले जाते. असा फॉर्म आउटलुकच्या फॉर्म-संग्रहात प्रकाशित केला असेल, तर टपालाबरोबर सहसा केवळ वर्गाचे नाव जाते. वाचणाऱ्याच्या संगणकाला त्या नावाचा फॉर्म सापडला नाही, की साधी खिडकी उघडते आणि भरलेले रकाने दिसेनासे होतात. म्हणून ‘साचा’ म्हणावे.

प्रतिसाद :
साचा हा शब्द टेम्प्लेटने, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या नमुन्याने, आधीच अडवला आहे, आणि टेम्प्लेट आउटलुकमध्येही निराळी असते. माझ्या मते अधिक घातक शब्द ‘प्रकाशित’ हा आहे. आमच्या कार्यालयात एका गृहस्थांनी, फॉर्म जगजाहीर होईल या भीतीने, तो कधी प्रकाशितच केला नाही. परिणामी फॉर्मची सगळी व्याख्या प्रत्येक टपालात कोंबली जाऊ लागली, टपालाचा आकार वाढला आणि स्क्रिप्ट (फॉर्मला जोडलेल्या आज्ञांचा संच) चालेना. ‘संग्रहात नोंदवा’ असे लिहिले असते, तर हे टळले असते.

प्रतिसाद :
नोंदवलेल्या फॉर्मचीही स्क्रिप्ट चालेलच असे नाही. सप्टेंबर २०१७ च्या सुरक्षा अद्यतनापासून ती मुळातच बंद असते आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, परवानगी द्यावी लागते. नव्या आउटलुकमध्ये तर असे फॉर्म चालतच नाहीत, त्यामुळे त्यांचे बारसे आता करण्यात काय हशील, हे मला कळलेले नाही.

प्रतिसाद :
जुने आउटलुक वापरणारे आहेत तोवर शब्द लागणारच. फॉर्म सुधारूनही जुनीच आवृत्ती दिसते, तेव्हा आउटलुकच्या फॉर्म मॅनेजरमधून कॅश, म्हणजे संगणकाने साठवून ठेवलेली जुनी प्रत, पुसावी लागते. ‘कॅश साफ करा’ ही सूचना लेखा विभागात गेली, तेव्हा जे हसे झाले ते सांगवत नाही. म्हणून मी ‘कॅशे’ लिहितो.

प्रतिसाद :
‘कॅशे’ला इंग्रजी उच्चाराचा आधार नाही. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ ‘लपवणे’ असा आहे. तेव्हा ‘गुप्तसाठा’ का नको?

प्रतिसाद :
‘गुप्तसाठा साफ करा’ असे लेखा विभागाला एकदा कळवून पाहा.