लग्नाच्या भेटीसाठी पाककृतींचं पुस्तक सुचवा (दोघंही स्वयंपाकात शून्य, बजेट ८०० रु.)

शेवंती_ठाणे:
नमस्कार मंडळी. भाच्याचं लग्न गेल्या महिन्यात झालं. माझा आहेर राहिलाय, कारण मी ऐन लग्नात आजारी पडले. दोघं बाणेरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये बिऱ्हाड मांडतायत. सूनबाई इंदूरची. घरी मराठी बोलतात, पण शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाचते ती अक्षरं लावत लावत. भाचा अस्खलित वाचतो, पण गेल्या रविवारी त्याचा फोन आला, "मावशी, पोहे किती वेळ उकळायचे?" यावरून कल्पना यावी.

तर एकच पुस्तक हवंय, ८०० रुपयांच्या आत, अगदी कुकर लावण्यापासून शिकवणारं. शाकाहारी चालेल. भांडी सुचवू नका, रुखवतात ढिगाने आली आहेत. ओव्हनसुद्धा आलाय.

राजापुरी:
रुचिरा. विषय संपला.

चौथा मजला:
रुचिरा +१. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं, आमच्या आईला १९७८ मध्ये लग्नात मिळालं. आता पुठ्ठा सुटलाय, शंकरपाळ्यांचं पान तेलाने इतकं पारदर्शक झालंय की मागच्या पानावरचं वाचता येतं. माझ्या लग्नात तीन प्रती आल्या. दोन मी पुढे इतरांच्या लग्नात दिल्या. देण्यासारखं दुसरं पुस्तक नाहीच.

टवाळ:
तिसरी उघडली का?

चौथा मजला:
आईची आहे ना उघडायला.

एडिसनची काकू:
पुस्तक कसलं देताय, इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) द्या! मी गेली सहा वर्षं वरण, भात, खिचडी, राजमा सगळं त्यातच करते. आणि सोबत मापाच्या कपांचा नि चमच्यांचा सेट द्या. आपल्या पुस्तकांत "एक वाटी" असतं. कोणती वाटी? माझ्या सासूबाईंची आमटीची वाटी आणि आईची नैवेद्याची वाटी यांत दोन वाट्यांचा फरक आहे. इथला, अमेरिकेतला कप २४० मिली, सगळीकडे एकच, भानगड नाही.

राजापुरी:
काकू, बजेट ८०० रुपये आहे, डॉलर नव्हे. आणि वाटी कोणतीही चालते. ज्या वाटीने तांदूळ घेतला तिनेच पाणी घालायचं, एकास दोन. आमच्या आजीने आयुष्यभर एका फुटक्या कपाने माप घेतलं.

एडिसनची काकू:
चालत नाही, राजापुरी. तांदूळ-पाण्याला चालेल, कारण ते प्रमाण आहे. पण "दोन वाट्या डाळ, एक चमचा मीठ" असेल तर? वाटी मोठी घेतली की डाळ वाढते, चमचा तेवढाच राहतो. पहिल्या वर्षी मी रवा-साखर कपाने घेतली आणि बेकिंग पावडर पुस्तकातल्या चमच्याने. रव्याचा केक आमच्याकडे दाराला अडसर म्हणून वापरला.

सांजा:
काकूंचं पटलं. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखिकेने आपली वाटी म्हणजे किती ते सांगितलंय का, हे बघून घ्या. सांगितलं असेल तर तेवढं पाणी मोजून घरातली एक वाटी ठरवून टाकायची आणि तीच वापरायची.

नागपूरकर:
बाकी सगळं ठीक आहे, पण पुण्या-मुंबईची पुस्तकं देऊ नका. प्रत्येक भाजीत गूळ. माझ्या साळ्याने पुस्तक बघून भरली वांगी केली होती, आम्ही ती जेवण झाल्यावर खाल्ली.

पेठेतला:
गुळाचा खडा चव खुलवायला असतो. तुमच्याकडे तर्रीखाली चव बुडते, तिचं काय?

नागपूरकर:
तर्रीवर वेगळा धागा काढा, मी येतो.

सरोज_मिरज:
धागा भरकटायच्या आत एक मुद्दा मांडते. अडचण पाककृतींची नाही, शब्दांची आहे. माझी वहिनी भोपाळची. पुस्तकात "आधणात तांदूळ वैरावेत" असं वाचून तिने "आधण" (म्हणजे उकळतं पाणी) नावाचं भांडं घरभर शोधलं होतं. मोहन, दडपून ठेवणे, भाजी "अंगासरशी" ठेवणे, रस "आळणे", "खमंग वास सुटेपर्यंत". हे शब्द आपण ऐकत मोठे झालो, म्हणून ते कुणी शिकवावे लागले नाहीत. अक्षरं लावत वाचणाऱ्या मुलीला प्रत्येक ओळीत ठेच लागणार. रुचिरा इंग्रजीतही मिळतं. तिच्या हातात ते ठेवा. नाहीतर मराठी प्रत घेऊन भाच्याने मोठ्याने वाचायचं आणि तिने करायचं.

सांजा:
आणि दुसऱ्या दिवशी तिने वाचायचं आणि त्याने करायचं.

सरोज_मिरज:
तेही लिहायला हवं होतं, मान्य.

कोडर_हिंजवडी:
पुस्तकं कोण वाचतं आता? व्हिडिओ बघून सगळं येतं. मी व्हिडिओ बघून बिर्याणी शिकलो.

सांजा:
मोहरी तडतडायला लागली की मध्येच जाहिरात येते. हात पिठाचे, फोन लॉक झालेला. फोडणी कुणासाठी थांबत नाही हो. आमच्याकडे करपलेल्या लसणाचा वास दोन दिवस होता.

कोडर_हिंजवडी:
प्रीमियम घ्या.

एकटा जीव:
मी अविवाहित, पण माझा अनुभव लिहितो, कारण पुस्तकांचा भरवसा कुणी धरू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी पुस्तक उघडून कुकर लावला. लिहिलं होतं, "डाळीत अडीच पट पाणी घालून डबा कुकरात ठेवावा, चार शिट्ट्या कराव्यात." केलं. अर्धा तास झाला तरी शिटी नाही, नुसता करपट वास. मग झाकणावरून फट्ट आवाज आला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह गेला. डब्याखाली, कुकरच्या तळाशीही पाणी घालायचं असतं, हे लिहिणारीला इतकं उघड वाटलं असणार की तिने लिहिलंच नाही. कुकर दीडशे रुपयांत भंगारात गेला. पुस्तक अजून आहे, त्यावर आता राउटर ठेवलाय.

टवाळ:
रेंज कशी येते?

मधुरा_दिवाळी:
माझ्या पहिल्या चकल्या तळणीत विरघळल्या होत्या. कढईत घातल्या चकल्या, झाऱ्याने काढलं ते कुंकू-रांगोळीसारखं काहीतरी. पुस्तकात मोहन (पिठात घालायचं गरम तेल) बरोबर लिहिलं होतं, पण माझा चमचा वाढायचा होता. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरते, कमी झालं की दात मागते. नवख्यांना फराळाचं पुस्तक मुळीच देऊ नका.

एडिसनची काकू:
म्हणूनच म्हणते, मापाचे चमचे द्या!

वाडा_संस्कृती:
आमच्या घरी सासूबाईंच्या आजीचं लक्ष्मीबाई धुरंधरांचं "गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया" आहे. १९१० साली निघालेलं पुस्तक. हल्लीच्या पुस्तकांत तो दर्जा नाही. आम्ही ते काचेच्या कपाटात ठेवलंय, हात लावू देत नाही कुणाला.

राजापुरी:
मग स्वयंपाक कशावरून करता?

वाडा_संस्कृती:
आमच्याकडे बाई येतात.

मीठ_चवीपुरते:
दुकानात काम करत होतो (पुस्तकांच्या), म्हणून माझा एक उपाय सांगतो. मुखपृष्ठ आणि रंगीत फोटो बघू नका. कोणतंही पुस्तक घ्या आणि साध्या वरणाचं पान उघडा. ते पानच नसेल आणि आमटीची कृती "वरण नेहमीप्रमाणे शिजवून घ्यावे" अशी सुरू होत असेल, तर पुस्तक परत ठेवा. नेहमीप्रमाणे म्हणजे काय, तेच तर त्यांना माहीत नाही. मग पोह्यांचं पान काढा. जाड पोहे चाळणीत घेऊन धुवायचे, निथळून दहा मिनिटं ठेवायचे, हे लिहिलंय का? बऱ्याच जणी "भिजवलेले पोहे" असं सामानातच लिहून मोकळ्या होतात. तिसरं म्हणजे, पदार्थ बिघडला तर काय करायचं, याच्या दोन ओळी तरी आहेत का? मीठ जास्त झालं, भात चिकट झाला, वगैरे. आणि हजार पदार्थांचं पुस्तक तर नकोच. माझ्याकडे येणारी जोडपी अशी पुस्तकं कौतुकाने घेऊन जायची, आणि सहा महिन्यांनी तीच जोडपी पंचवीस पदार्थांचं पातळ पुस्तक मागत यायची.

पेठेतला:
आमटी म्हणजेच वरण नव्हे का फोडणी दिलेलं?

राजापुरी:
नव्हे.

चौथा मजला:
नाही हो, आमटीत गोडा मसाला हवा.

नागपूरकर:
आणि गूळ. 😄

शेवंती_ठाणे:
सगळ्यांचे आभार. मीठ_चवीपुरते, तुमचं वरणाचं पान मी उद्या दुकानात वापरणार. काकू, इन्स्टंट पॉट नाही परवडत हो. आणि आमच्या सूनबाईंना लसूण चालतो, गूळ चालतो, सगळं चालतं, फक्त करता येत नाही.

आत्ताच_आलो:
वरचं सगळं वाचलं नाही, पण रुचिरा कुणी सुचवलंय का?

मंगळवार_मार्केट:
रुचिरा जुनं झालं, मंगला बर्व्यांचं अन्नपूर्णा द्या. माझं सगळं त्यावरच चालतं. दोन्ही बजेटमध्ये बसली तर दोन्ही द्या, नाहीतर फक्त अन्नपूर्णा.

राजापुरी:
जुनं म्हणजे काय? भात काय नव्या पद्धतीने शिजतो?

मंगळवार_मार्केट:
इंडक्शनवर शिजतो. "मंद आचेवर" म्हणजे त्यावर किती आकडा, ते कोण सांगणार?

(यावर पुढे इंडक्शन की गॅस, सिलेंडर किती दिवस पुरतो आणि बिडाचा तवा इंडक्शनवर चालतो की नाही, अशा सव्वीस प्रतिक्रिया. चालतो, चुंबक चिकटलं की चालतो.)

शेवंती_ठाणे:
मंडळी, घेतलं पुस्तक. रागावू नका.

काल दुकानात वरणाचं पान उघडून चार पुस्तकं परत ठेवली, पाचवं ठरवलं. पैसे द्यायच्या आधी सूनबाईंना फोन केला, म्हटलं विचारावं तरी. ती हळूच म्हणाली, "मावशी, वरण-भात ना, आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर करून घेते आमच्याकडून. दोन्हीकडच्या आया. कुकर मी लावते, तो फोन धरतो, आणि दोघी आया आपसात भांडतात शिट्ट्यांवरून." मग म्हणाली, "मला केक शिकायचाय. रुखवतातला ओव्हन तसाच खोक्यात आहे, त्याला अजून कुणी हात लावला नाही."

तेव्हा केकचं पुस्तक घेतलं. इंग्रजी, पातळ, बावीस केक, सगळी मापं ग्रॅममध्ये. ४५० रुपये. उरलेल्या पैशांत छोटा वजनकाटा बसला, थोडे वर गेले, पण काकूंच्या दाराचा अडसर डोळ्यांपुढे आला. भांडी नको म्हणाले होते, काटा भांड्यात धरत नाही.

राजापुरी:
नवीन लग्न झालेल्यांना केक? रोज काय खाणार?

चौथा मजला:
रुचिरा घ्यायला हवं होतं. माझ्याकडे एक प्रत आहे, पाठवू का?

टवाळ:
आली, तिसरी प्रत आली.

एडिसनची काकू:
काटा घेतलात ते उत्तम केलंत. ओव्हन आधी रिकामा पंधरा मिनिटं तापवायला सांगा, नव्याला वास येतो. आणि केक थंड झाल्याशिवाय भांड्यातून काढू नका म्हणावं.

वाडा_संस्कृती:
आमच्याकडे केक बाहेरूनच येतो.

एकटा जीव:
ताई, एवढं एक त्यांना सांगाल का? डब्याखाली पाणी.

शेवंती_ठाणे:
सांगितलं. भाचा म्हणाला, "म्हणूनच येतो का तो वास?"