दिवेआगरला भाड्याची सायकल ओल्या वाळूवर चालवावी का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले माझे वडील असे आम्ही चौघे येत्या पौर्णिमेनंतर तीन दिवसांसाठी नाशिकहून दिवेआगरला जात आहोत. सामान भरल्यावर गाडीत सायकलींना जागा उरत नाही, म्हणून तिथेच तासावर सायकली घेऊन पाण्याच्या कडेने रमतगमत फिरण्याचा विचार आहे. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर दर रविवारी वेळ लावून सायकल चालवतोच, त्यामुळे सुट्टीत कोणी घड्याळ पाहायचे नाही, अशी वडिलांची अट आहे.

अडचण वाळूची आहे. गेल्या वर्षी कोकणातल्याच दुसऱ्या एका किनाऱ्यावर आम्ही भर दुपारी सायकली घेतल्या. नेमकी भरती होती, त्यामुळे घट्ट ओली वाळू पाण्याखाली गेलेली, आणि वरच्या भुसभुशीत पट्ट्यात मुलीच्या सायकलचे पुढचे चाक असे रुतले की ती अलगद वाळूत जाऊन बसली. तिला काही लागले नाही. पण साखळीत वाळू जाऊन प्रत्येक पेडलला करकर सुरू झाली आणि सायकल परत करताना दुकानदाराने खाऱ्या पाण्याचे कारण सांगून अनामत रकमेतले दोनशे रुपये कापले. खाऱ्या पाण्याने लोखंड लवकर गंजते हे खरे, परंतु ती साखळी हाती आली तेव्हाच तांबूस होती आणि मी ते तेव्हाच दाखवून द्यायला हवे होते.

या वेळी कोकणातल्या एका स्नेह्यांनी पाऊणपटीचा हिशेब शिकवला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि तिच्या सुमारे सहा तास आधी व नंतर ओहोटी असते. त्यानुसार वद्य द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास येते. शिवाय पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस असल्याने पाणी बरेच मागे हटलेले असेल. पुढे ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी सरकते, म्हणजे तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या उशिरा उठणाऱ्यांचीही सोय होते.

तेथील रहिवाशांनी किंवा नेहमी जाणाऱ्यांनी कृपया सांगावे, की हा हिशेब दिवेआगरला कितपत जुळतो, आणि ओहोटीनंतर किती वेळ वाळू सायकल पेलण्याइतकी घट्ट राहते? मध्ये ओहोळ उतरून वाळू मऊ झालेल्या जागा आहेत का? सायकलवाले किनाऱ्यावर नेऊ देतात, की सुरूच्या बनामागच्या आणि सुपारीच्या वाड्यांमधल्या रस्त्यावरच समाधान मानावे? श्रीवर्धनकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता सुंदर असला, तरी त्यावरचे चढ वडिलांच्या गुडघ्यांना झेपणारे नाहीत, म्हणून तो बेत आम्ही सोडला आहे.

मुलीच्या मापाची सायकल तिथे मिळते का, हेही कळवावे. मिळत नसेल, तर एक बॅग कमी करून तिची तेवढी घरूनच न्यावी लागेल.