मुंबई ते न्यूयॉर्क: आईबाबांना थेट पाठवू की फ्रँकफर्टमार्गे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आईबाबा डिसेंबरात पहिल्यांदाच बहिणीकडे न्यूयॉर्कला निघालेत. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तासभर बसलं की पाय आखडतो.

मुंबईहून जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) सरळ रेषेत सुमारे १२,५०० किमी. जाताना वारा समोरून असतो, त्यामुळे थेट विमानाला साधारण १६ तास धरावे लागतात. फ्रँकफर्टमार्गे अंतर फारसं वाढत नाही, कारण ते जवळपास वाटेवरच आहे. मुंबई-फ्रँकफर्ट साडेसहा हजार किमी, पुढे सहा हजारांच्या आसपास. म्हणजे मध्ये पाय मोकळे करता येतील. अबूधाबीमार्गे मात्र पहिला टप्पा छोटा नि दुसरा १४ तासांचा, म्हणजे पायाला आराम असा नाहीच. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आधीच उरकतं, एवढं मात्र खरं.

माझा कल फ्रँकफर्टकडे आहे. पण दोघांना इंग्रजी जेमतेम येतं. व्हीलचेअर सांगितली तर मदतनीस थेट पुढच्या गेटपर्यंत सोडतो का? मधे किती तास ठेवावेत? वयस्कर आईवडिलांना असं पाठवलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, तिकीट याच आठवड्यात काढायचंय.