चंद्रावरचा झेंडा आणि ‘मस्ट हॅव’

खडूफळा: ‘इंग्रजीत मागच्या गोष्टीचा अंदाज बांधायची रूपं, मस्ट हॅव (नक्की झालं असणार), माइट हॅव (झालं असेल), शिकवायला कटाच्या थिअऱ्या वापरा, चंद्रावर माणूस उतरलाच नाही म्हणतात त्या अपोलो ११ चा झेंड्याचा फोटो दाखवला की वर्ग आपोआप बोलतो’ ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. बोलतो, पण काय? ‘दे मस्ट हॅव फेक्ड इट’ असं पंधरा मुलांनी दोनदा म्हटलं की खोटी गोष्ट तीस वेळा कानावर पडते. वारंवार ऐकलेलं खरं वाटू लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय. व्याकरण विसरेल, खोटं राहील.

तिसरा बाक: मग शिकवणार कशावर? ‘ही मस्ट हॅव गॉन आउट’च्या गाळलेल्या जागांवर? त्यात पडताळण्यासारखं काहीच नसतं. चंद्रावर वारा नसताना झेंडा फडकल्यासारखा का दिसतो, याची चार कारणं सुचतात आणि त्यांतलं कुठलं जास्त शक्य ते ठरवावं लागतं. आधी नुसता फोटो द्या, दहा मिनिटं फक्त माइट हॅव. मग सांगा की वरच्या कडेला आडवा दांडा होता, तो पूर्ण उघडला नाही म्हणून चुण्या पडल्या. आता ‘इट कान्ट हॅव बीन द विंड’, म्हणजे वारा असणं शक्यच नाही. वहीत एवढंच उतरवायचं.

श्रुतलेखन: दोघंही उच्चार सोडून बोलताय. बोलताना ‘मस्ट हॅव’ हे ‘मस्टव्ह’ असं ऐकू येतं. ‘हॅव’ ठणठणीत म्हणून घेता, म्हणून ऐकण्याच्या चाचणीत मुलं अडतात.

तिसरा बाक: ऐकवा की! पण म्हणायला लावलंत तर ‘मस्ट ऑफ’ लिहितील. आधीच ‘मस्ट हॅड गॉन’ निस्तरताना नाकी नऊ येतात.

श्रुतलेखन: लिहितील या भीतीने ऐकवायचंच नाही? दहावीपर्यंत ‘डू ॲज डायरेक्टेड’चे व्याकरणाचे लेखी प्रश्नच सोडवून घेतले, म्हणूनच ही गत आहे. आधी फळ्यावर पूर्ण रूप, मग तेच वाक्य तीनदा वेगाने ऐकवा, मग लिहून घ्या. ‘ऑफ’ येत नाही.

खडूफळा: विषय भरकटवू नका. बाक, तुमच्या क्रमात एक भोक आहे: मुलं नकारासाठी ‘मस्टन्ट हॅव’ म्हणतात, म्हणजे खंडनाचंच वाक्य चुकतं. कान्ट हॅव आदल्या तासाला पक्कं हवं. शिवाय बातमी सांगताना ‘ॲडमिटेड’ (कबूल केलं) वापरलं की आरोप खराच धरला जातो. तिथे ‘क्लेम्ड’ (दावा केला) घ्यायला लावा.

तिसरा बाक: हे मान्य. मग अपोलो चालेल?

खडूफळा: खंडन त्याच तासात होणार असेल तर चालेल, नाइलाजाने. लसींचा विषय मात्र वर्गात आणायचा नाही. तिथे एका फोटोत आणि एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि घंटा झाली की अर्धवट शंका मुलांबरोबर घरी जाते.